पॅलिओच्या ताटात प्रोटीन शेकचा महागडा डबा बसतो का?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या काही आठवड्यांत पॅलिओ आहारावर, म्हणजे अश्मयुगीन माणसासारखे खाण्याच्या पद्धतीवर, बराच मजकूर आला. त्याच पानांवर प्रोटीन पावडरींच्या मोठ्या जाहिरातीही असतात. त्यामुळे हे दोन्ही एकत्रच घ्यायचे असते, असा समज वाचकांत पसरतो आहे. अनेक व्यायामशाळांत पॅलिओचा तक्ता आणि पावडरीचा डबा एकाच हातून मिळतो, त्याने हा समज आणखी पक्का होतो. तीन-चार हजार रुपये खर्च करण्याआधी वाचकाला नेमके काय ते कळावे, म्हणून हे पत्र.

माझे म्हणणे आधीच सांगते. बाजारातले बहुतेक प्रोटीन शेक पॅलिओच्या स्वतःच्याच नियमाने बाद होतात. जे थोडे त्या नियमात बसतात, ते उकडलेल्या अंड्यापेक्षा जास्त काही देत नाहीत. आणि ज्यांना डब्यावाचून पॅलिओ निभावताच येत नाही, त्यांच्यासाठी पॅलिओची निवडच चुकलेली आहे.

नियम काय, ते पाहू. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अश्मयुगीन आहाराविषयी लेख लिहिला आणि तिथून हा विचार अभ्यासकांच्या चर्चेत आला. लोकांपर्यंत तो पोचला २००० नंतर. शेती आणि पशुपालन सुरू होण्याआधी माणूस जे खात होता तेवढेच खावे, हे त्याचे सूत्र. म्हणजे मांस, मासे, अंडी, भाज्या, कंदमुळे, फळे, कवचाची फळे आणि काही बिया चालतात. धान्य, डाळी, दूध आणि दुधाचे सगळे पदार्थ, साखर, कारखान्यात काढलेली बियांची तेले आणि वरून घातलेले मीठ चालत नाही. शेंगदाणा ही शेंगवर्गी वनस्पती, म्हणून आपला दाण्याचा कूटही गेला. काजू, बदाम, खोबरे राहिले.

हे सूत्र इतिहासाला पूर्णपणे धरून आहे असे नाही. इराकमधल्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल माणसांच्या दातांवरच्या किटणात शिजवलेल्या जवसदृश धान्याचे आणि शेंगवर्गी वनस्पतीचे पिष्टकण सापडलेले आहेत. तेव्हा अश्मयुगात कुणी डाळीच्या दाण्याला तोंडच लावले नाही, हे खरे नाही. दुधाबाबत मात्र पॅलिओवाल्यांची बाजू भक्कम आहे. जनावरे माणसाळली ती साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी, आणि मातीच्या भांड्यांत दुधाचे अंश सापडतात ते सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासूनचे. त्याआधीच्या प्रौढ माणसाच्या आहारात जनावराचे दूध नव्हते.

आता सर्वात खपणारी पावडर घेऊ, ती म्हणजे व्हे. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. चीज करताना केसिनचा गोळा बाजूला निघतो आणि पाणी उरते. या निवळीत ९३-९४ टक्के पाणी, पाच टक्क्यांच्या आसपास दुधाची साखर आणि एक टक्क्याहूनही कमी प्रथिन असते. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ते गाळत गाळत प्रथिन घट्ट करतात आणि गरम हवेत फवारून त्याची भुकटी करतात. ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असेल तर कॉन्सन्ट्रेट, ९० टक्के किंवा जास्त असेल तर आयसोलेट. एका लिटर दुधात व्हे प्रथिन असते जेमतेम सहा ग्रॅम. म्हणजे २४ ग्रॅम प्रथिनांचा एक स्कूप चार लिटर दुधातून येतो. इतकी प्रक्रिया झालेला आणि उगमाने दुधाचाच असलेला पदार्थ पॅलिओत बसवायला कुठलीही फट नाही. ‘गवतावर चरणाऱ्या गाईंचे’ असे डब्यावर लिहिले की तो पॅलिओ होतो, हा जाहिरातीचा दावा आहे. गाय काय खाते यावर दुधाचे दूधपण ठरत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पनीर करून उरलेले पाणी म्हणजे घरचे फुकट व्हे प्रोटीन’ असे सांगणारे बरेच आहेत. चीजचे दूध फारसे तापवत नाहीत, म्हणून त्याच्या पाण्यात व्हे प्रथिने शाबूत उरतात. पनीरसाठी आपण दूध उकळीच्या जवळ नेतो. तेवढ्या उष्णतेत व्हे प्रथिने उलगडून केसिनला चिकटतात आणि लिंबू पिळल्यावर त्याच्याबरोबरच फडक्यात जातात. निवळीत एका लिटरमागे तीन ते पाच ग्रॅम प्रथिन उरते, बाकी साखर आणि क्षार. कणीक मळायला ती छान आहे, स्नायू कमवायला तिचा उपयोग नाही.

दूध नको म्हणणारे मग वनस्पतीजन्य पावडरीकडे वळतात. वाटाण्याची पावडर शेंगवर्गी, सोयाची शेंगवर्गी, तांदळाची धान्याची. तिन्ही बाद. उरते भांगेच्या बियांची. या बियांना एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये खाद्य म्हणून मान्यता दिली आणि नियमाने त्या पॅलिओत बसतात. पण त्यांच्या पावडरीत प्रथिन साधारण निम्मेच, लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी आणि चव मातकट. ती गिळता यावी म्हणून कंपन्या तिच्यात कोको आणि गोडी घालतात. कोकोबरोबर कॅडमियमसारखे जड धातू येण्याची शक्यता वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

नियमात बसून पुरेसे प्रथिनही देणारी एकच पावडर आहे, अंड्याच्या पांढऱ्याची. ती करताना पांढऱ्यातली थोडीशी ग्लुकोज आधी काढून टाकावी लागते, नाहीतर वाळवताना आणि साठवणीत भुकटी तांबूस पडते आणि वास मारते. मग ती वाळवून गरम खोलीत काही दिवस ठेवतात, म्हणजे साल्मोनेला जंतू मरतात. शुद्ध भुकटीत ८० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते आणि ते दर्जेदार असते. पण हिशेब करा. एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिन असते. २४ ग्रॅमच्या स्कूपसाठी सहा-सात अंड्यांचे पांढरे लागते आणि त्यांचे पिवळे बलक डब्यात येत नाहीत. जीवनसत्त्व अ, ड, बी-१२, कोलीन, लोह यांचा मोठा वाटा बलकातच असतो. म्हणजे जास्त पैसे मोजून आपण अंड्याचा कमी पोषक भाग विकत घेतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना ‘पॅलिओ प्रोटीन’ या नावाने बीफ प्रोटीन आणि कोलॅजन सर्रास दिसते. यात फसगत सर्वाधिक. बीफ प्रोटीन म्हणून विकले जाणारे पुष्कळ डबे मांसाचे नसून कातडी, हाडे आणि कूर्चा यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असतात. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतेच, म्हणून प्रथिनांचा दर्जा मोजण्याच्या पद्धतीत त्याला शून्य गुण मिळतात. वीस ग्रॅम कोलॅजन घेतले आणि दिवसाच्या प्रथिनांत वीस ग्रॅम मांडले, तर हिशेब चुकला. ओळखायची खूण अशी, की डब्यावरच्या अमिनो आम्लांच्या तक्त्यात ग्लायसिन सर्वांत जास्त असेल आणि ट्रिप्टोफॅन शून्य असेल, तर आत कोलॅजन आहे. सांध्यांसाठी ते घ्यायचेच असेल, तर बकऱ्याच्या पायांचे सूप स्वस्त पडते. चार पाये भाजून, खरवडून, दीड लिटर पाणी आणि एका लिंबाचा रस घालून कुकरमध्ये मंद आचेवर तासभर ठेवले आणि गार झाल्यावर ते थरथरीत घट्ट झाले, की कोलॅजन उतरले असे समजावे. तेही पूर्ण प्रथिन नाही, त्याच्याबरोबर अंडे किंवा मासा हवाच.

डब्यावरचा प्रथिनांचा आकडा कसा येतो, हेही ठाऊक असावे. नेहमीच्या चाचणीत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. आता ग्लायसिन हे साधे, स्वस्त अमिनो आम्ल. त्यात वजनाच्या १८.७ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १०० ग्रॅम ग्लायसिन चाचणीत ११७ ग्रॅम प्रथिन म्हणून दिसते. व्हे कमी करून ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन मिसळले, तरी आकडा जसाच्या तसा राहतो. ही लबाडी पकडायची असेल तर ल्युसिन या अमिनो आम्लाचा आकडा पाहावा. २४ ग्रॅम खऱ्या व्हे प्रथिनात ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास येते. लेबलवर ते दोनच्या खाली असेल, किंवा अमिनो आम्लांचा तक्ताच नसेल आणि घटकांत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळे लिहिलेले असेल, तर डबा परत ठेवावा. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पूरकांची तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २५ पूरकांवरचा प्रथिनांचा दावा प्रत्यक्षाशी जुळला नाही. किंमत जास्त म्हणून माल खरा, असे मानायला आधार नाही.

लेबलवर आणखी काही गोष्टी बघाव्यात. आधी प्रथिनांच्या ग्रॅमला स्कूपच्या ग्रॅमने भागावे. २४ भागिले ३३ म्हणजे ७३ टक्के, ठीक आहे. वजन वाढवण्याच्या पावडरीत हाच भागाकार २०-३० टक्क्यांवर येतो आणि बाकी सगळे माल्टोडेक्स्ट्रिन असते, म्हणजे धान्याच्या पिष्टापासून केलेली, साखरेसारखीच वेगाने रक्तात जाणारी गोष्ट. मग घटकांतले आकडे वाचावेत. ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९५० म्हणजे एसेसल्फेम, ४१५ म्हणजे झँथन गम, ३२२ म्हणजे लेसिथिन. हे लेसिथिन बहुधा सोयाबीनचे असते, आणि पाण्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून जवळपास प्रत्येक पावडरीत ते घालतात. कडक पॅलिओ पाळणाऱ्याचा नियम इथेही मोडतो. चौकोनातले तपकिरी त्रिकोणाचे चिन्ह मांसाहारी मालाचे आणि हिरवा ठिपका शाकाहारी मालाचा. एफएसएसएआयचा परवाना १४ अंकी असतो. आयात डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता असलेला छापील स्टिकर नसेल, तर तो डबा कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये.

आता मुळात प्रथिने लागतात किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. ६० किलोच्या व्यक्तीला ५० ग्रॅम. आठवड्यातून तीन-चार दिवस वजने उचलणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे ७२ ते ९६. व्यायाम करणाऱ्यालाही १.६ च्या पुढे जाऊन स्नायूंत फारशी भर पडत नाही. याच संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू वाढवण्यासाठी पूरके टाळावीत असे स्पष्ट सांगितले आहे.

मांसाहारी मराठी घरात पॅलिओ ठेवून हा आकडा सहज गाठता येतो. सकाळी तीन अंडी, १९ ग्रॅम. दुपारी हाडाविना १५० ग्रॅम कच्चे चिकन, ३३ ग्रॅम. संध्याकाळी ३० ग्रॅम बदाम, सहा ग्रॅम. रात्री साफ केलेला १५० ग्रॅम बांगडा, २८ ग्रॅम. भाज्यांचे चार-पाच धरले तर ९० झाले. यात शेकला जागाच नाही. वर शेक घेतला तर १.६ ची मर्यादा ओलांडून पुढचे प्रथिन जळणात जाईल किंवा चरबी होईल.

वजने करताना एक चूक हमखास होते. तक्त्यातले ‘१०० ग्रॅम चिकन’ कच्चे की शिजवलेले, हे कुणी विचारत नाही. १०० ग्रॅम कच्चे चिकन शिजून ७०-७५ ग्रॅम होते, प्रथिन तेवढेच राहते. शिजवलेले १०० ग्रॅम मोजले तर प्रथिन ३० ग्रॅम, कच्चे मोजले तर २२. दोन जेवणांत हा फरक १५-१६ ग्रॅमचा पडतो, आणि ‘जेवणातून भागत नाही’ असे वाटून डबा घरात येतो. किलोभर अख्खा बांगडा आणला तर डोके, काटे आणि पोट काढून ६०० ग्रॅमच्या आसपास खाण्याजोगा भाग उरतो, हेही धरावे.

शेकचा आणखी एक दोष पॅलिओच्या मूळ विचाराशीच विसंगत आहे. शिकारीवर जगणाऱ्या माणसाला नुसते प्रथिन नको असायचे, त्याला चरबी हवी असायची. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांत राहून आलेले विल्यालमूर स्टेफान्सन १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात देखरेखीखाली फक्त मांसावर राहिले. सुरुवातीला त्यांना चरबीविना मांस दिले, तेव्हा दोन-तीन दिवसांत जुलाब आणि अस्वस्थता सुरू झाली. चरबी दिल्यावर ते सावरले. यकृताची प्रथिनांतला नायट्रोजन युरिया करून बाहेर टाकायची ताकद मर्यादित असते. म्हणून एकूण ऊर्जेतला प्रथिनांचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर फार काळ झेपत नाही. भात-भाकरी बंद, तेल कमी आणि वर दिवसाला दोन-तीन शेक, असा बेत करणारे नकळत या मर्यादेजवळ पोचतात. मळमळ, डोकेदुखी आणि कितीही खाल्ले तरी भूक न भागणे, ही त्याची लक्षणे. त्यावर उपाय रताळे, सुरण, खोबरे आणि अख्खी अंडी हाच आहे.

किंमत मांडू. किलोचा डबा ३,००० रुपयांना धरला, ३३ ग्रॅमचा स्कूप, त्यात २४ ग्रॅम प्रथिन. ३० स्कूप झाले, एक १०० रुपयांना. प्रथिनाचा ग्रॅम चार रुपयांहून जरा महाग. अंडे सात रुपयांना धरले तर ग्रॅम एक रुपया दहा पैशांच्या आसपास. हाडाविना चिकन ३५० रुपये किलो धरले तर एक रुपया साठ पैसे. बांगडा ३०० रुपये किलो, साफ करून, दोन रुपये सत्तर पैशांपर्यंत. भाव गावोगाव वेगळे, आपापल्या बाजाराचे घालून पाहावेत. डबा या रांगेत शेवटी राहतो, आणि त्यात बलक, माशाचे तेल, लोह यांतले काहीच मिळत नाही.

‘प्रवासात, ऑफिसात मासे कुठून आणू’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या किनाऱ्यावर पूर्वीपासून तयार आहे. सातपाटी, उत्तन, वर्सोव्याच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडीवर वाळणारे बोंबील मिठाविनाच वाळवलेले असतात. सुक्या बोंबलात १०० ग्रॅममागे ६० ग्रॅमहून जास्त प्रथिन असते, आणि १,००० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. उन्हात वाळवण्यापलीकडे त्याच्यावर काही प्रक्रिया नाही. दूध सोडलेल्या माणसासाठी याहून योग्य प्रथिन मला सुचत नाही. १०० ग्रॅम बोंबील घ्यावेत, डोके, शेपूट आणि पर कात्रीने काढून कोरड्या फडक्याने पुसावेत, दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. लोखंडी तव्यावर मंद आचेवर तेल न घालता आठ-दहा मिनिटे परतावेत, मोडला की कट्‌ आवाज आला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर भरड वाटावेत. ३० ग्रॅम सुके खोबरे, पाच-सहा सुक्या मिरच्या आणि कोरड्या भाजलेल्या दहा लसूण पाकळ्या वेगळ्या वाटून त्यात मिसळाव्यात. मीठ घालू नये, लागतही नाही. बोंबलाचे ३० ग्रॅम पोटात गेले की १८ ग्रॅम प्रथिन झाले. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकते.

बिघडते ते तीन ठिकाणी. बोंबील गरम असतानाच वाटले तर वाफेने चटणी ओलसर होते आणि आठवड्यात बुरशी धरते. आच मोठी ठेवली तर वरून करपते, आत दमट राहते. आणि जवळा वापरला तर बारीक चाळणीतून आधी वाळू झाडावी लागते, नाहीतर दातांखाली कचकच येते. पावसाळ्यात उघड्यावरचे सुके मासे घेऊ नयेत. पिवळट डाग, उग्र खवट वास आणि वाकवल्यावर न मोडणारा बोंबील नको.

पेयच हवे असेल तर अंडी आणि नारळाचे करावे. तीन अंडी फेटून गाळून घ्यावीत. २०० मिलिलिटर नारळाचे दूध कोमट करून धार धरून त्यात ओतावे. पातेले उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून आठ-दहा मिनिटे ढवळत राहावे. चमच्याच्या पाठीवर थर बसला की लगेच थंड पाण्यात ठेवावे. मिश्रण ८५ अंशांच्या वर गेले की फाटते. फाटलेच तर मिक्सरमधून काढावे, चव बिघडत नाही. अर्धे केळे कुस्करून, वेलची घालून, पाण्याने हवे तेवढे पातळ करावे. यात २२-२३ ग्रॅम प्रथिन येते. घट्ट दुधाने केले तर उष्मांक ६०० च्या वर जातात, वजन उतरवायचे असेल त्यांनी दुसऱ्या पाण्याचे पातळ दूध घ्यावे. त्याच दिवशी संपवावे.

कच्ची अंडी शेकरमध्ये फोडून पिण्याची सवय तरुणांत फार आहे, ती मोडायला हवी. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजले, तेव्हा शिजवलेल्या अंड्याचे सुमारे ९१ टक्के प्रथिन पचले, कच्च्याचे फक्त ५१ टक्के. शिवाय कच्च्या पांढऱ्यातले अविडिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवते, आणि जंतूंचा धोका वेगळाच. सहा कच्ची अंडी पिणाऱ्याला शिजवलेल्या साडेतीन अंड्यांइतकेच प्रथिन मिळते.

शाकाहारी वाचकांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वरण, उसळ, पिठले, दही, पनीर एकाच दिवशी बंद केले की प्रथिन देणारे उरतात बदाम आणि बिया. २५ ग्रॅम प्रथिनासाठी १२० ग्रॅम बदाम खावे लागतात, त्यातून ७०० उष्मांक जातात. भोपळ्याच्या बिया थोड्या बऱ्या, ८०-८५ ग्रॅममध्ये २५ ग्रॅम, तरीही साडेचारशेच्या वर उष्मांक. अंडी चालत असतील तर चार अंडी, ५० ग्रॅम भोपळ्याच्या बिया, ३० ग्रॅम बदाम आणि भरपूर भाज्या यांत ५० ग्रॅमचा आकडा कसाबसा जमतो. अंडीही चालत नसतील तर जमत नाही, आणि तिथेच व्हेचा डबा शिरतो. दुधाचा ग्लास निषिद्ध आणि दुधाची भुकटी चालते, अशी ही अवस्था. अशा घरांनी पॅलिओतले घेण्याजोगे तेवढे घ्यावे, म्हणजे साखर, मैदा, बिस्किटे, फरसाण, तळण बंद आणि ताटात निम्म्या भाज्या. डाळी आणि दही मात्र ठेवावे. वाटीभर मटकीची उसळ सहा-सात ग्रॅम देते, २०० ग्रॅम दही तेवढेच, १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम. कोरडे ५० ग्रॅम सोया चंक्स २५ ग्रॅम देतात.

पावडर कुणीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. शस्त्रक्रियेनंतर भूक मेलेली असताना, दात नसलेल्या आणि दोन घासांत पोट भरणाऱ्या वृद्धांना, किंवा कर्करोगाच्या उपचारांत तोंड आलेले असताना व्हे खरोखर उपयोगी पडते. तिथे पॅलिओचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे, बिनगोडाचे आणि बिनस्वादाचे. गॅस होतो अशी तक्रार असेल तर आधी पाण्यात मिसळून पाहावे. कॉन्सन्ट्रेटच्या एका स्कूपमध्ये दुधाची साखर दोन ग्रॅमच्या आसपास असते, ज्या ग्लासभर दुधात ते मिसळतात त्यात १२ ग्रॅम. पोट बिघडवणारे बहुधा ते दूध असते. उकळत्या पाण्यात किंवा चहात पावडर टाकू नये, ती आवळून तिच्या गुठळ्या होतात. आधी थंड पाण्यात कालवावी.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी शेकही नको आणि वरचा ९० ग्रॅमचा तक्ताही नको. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर प्रथिन वाढवण्याआधी रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन तपासून घ्यावे, कारण मूत्रपिंडाचे नुकसान बराच काळ लक्षणांशिवाय होत असते. युरिक ॲसिड वाढलेल्यांना सुके मासे, जवळा आणि पायांचे सूप त्रास देईल, त्यांनी अंड्यांवर भर द्यावा. दूध सोडणाऱ्या प्रत्येकाने दिवसाच्या १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची सोय आधी करावी. मांदेलीसारखे काट्यासकट खाल्ले जाणारे मासे, तीळ, शेवग्याचा पाला यांतून ती करता येते. प्रोटीनचा डबा कॅल्शियमची ही तूट पूर्णपणे भरून काढत नाही.

शेवटी संपादकांना एक विनंती. पुरवणीत आहाराचे तक्ते छापताना प्रत्येक पदार्थासमोर वजन कच्चे की शिजवलेले हे लिहावे, प्रथिनांचे ग्रॅम द्यावेत, आणि तो तक्ता शाकाहारी माणसाला लागू पडतो की नाही हे वरच्याच ओळीत सांगावे. जाहिरातीच्या शेजारी छापलेला तक्ता वाचक त्या जाहिरातीसह वाचतो, म्हणून हे दोन्ही निदान वेगवेगळ्या पानांवर असावेत.

कळावे,
आपली विश्वासू,
एक आहारतज्ज्ञ, डोंबिवली